काचेत न सरकणारा ठिपका

३ मार्च

ठिपके,

परत म्हणतो: एक, मफलर गुंडाळून उडायचं. दोन, लाल थर्मास तुला पाठवायचा, कारण तो तुझ्या आईचा आहे आणि मी तो ढापलाय. तीन, या वर्षीचं पहिलं उड्डाण कसं झालं ते सविस्तर कळवायचं. झालं समाधान? तुझ्या नोकरीनं आपल्या पत्रांची पार कचेरी करून टाकली बघ. तुमचे वैमानिक तुम्ही सांगितलेलं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवतात, म्हणून सख्ख्या मामानंही म्हणायचं! पण म्हणतो बापडा. सहा वर्षं म्हणतोय. आता न म्हणता पत्र सुरू केलं तर पेनच चालायचं नाही.

पहिलं उड्डाण रविवारी झालं. पुढच्या सीटवर बेकरीवाली. तुला लिहिलं होतं ना, बावन्न वर्षांची, सकाळभर पाव भाजते आणि दुपारी हात धुऊन ग्लायडर शिकायला येते. मी मागे बसलो. यंत्रानं दोर ओढला, मैदान झपकन खाली गेलं, वर पोचल्यावर दोर सुटला, आणि मग ती शांतता. चाळीस वर्षं झाली तरी त्या क्षणी माझ्या पोटात गोड कालवतं. इंजिन नाही, घरघर नाही. नुसती पंखांवरून जाणारी हवा, शेजारच्या खोलीत कुणी चादर झटकावी अशी. दगडाच्या खाणीवरून गरम हवा वर चढत होती. तिच्यात शिरलो आणि गोल गोल फिरत निघालो वर. खाली बेकरीचं धुराडं आगकाडीएवढं झालं. बेकरीवाली म्हणाली, "सर, झोप येतेय हो." म्हटलं, "येऊ द्या, पण डोळे उघडे ठेवून झोपा." मग पाऊण तास आम्ही नुसते गोल फिरत राहिलो.

बाकी किरकोळ पडझड. फाटकाच्या खांबानं माझ्या गाडीला ओरबाडलं. खांब तिथे पंचवीस वर्षं आहे हे मला मान्य आहे. आणि क्लबात कोपर लागून चहाचा मग फुटला. म्हातारा झालास असं लगेच लिहू नकोस, घाई होती.

मोठी बातमी शेवटी. २० मेला आमच्याकडे मेळावा आहे. तीस ग्लायडर! सगळ्यांच्या पुढे मी जाणार. गरम हवेत जो पहिला शिरतो तो फिरायची दिशा ठरवतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकानं त्याच दिशेनं फिरायचं, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडावर येतील. म्हणजे त्या दिवशी तीस जणांची दिशा तुझा मामा ठरवणार, बेकरीवालीला पुढे बसवून. फुशारकी मारतोय. मारू दे ना.

तुझा,
मामा

१४ मार्च

मामा,

परत म्हणते: मेळावा वीस मेला, तीस ग्लायडर, पहिला तू, पुढे बेकरीवाली. मफलरचं मात्र तू फक्त माझं वाक्य परत म्हणालास, गुंडाळला असं कुठेही लिहिलेलं नाहीस. मला फसवू नकोस, मी दिवसभर हेच ऐकत असते.

थर्मास पोचला. तो आता कामाच्या खोलीत माझ्या खुर्चीखाली असतो. आमच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर लख्ख दुपार असली तरी आत कायम दिवेलागणीसारखा उजेड. समोर पडदा, पडद्यावर ठिपके, प्रत्येक ठिपक्यामागे तो आत्ता कुठून आला ते सांगणारी बारीक शेपटी. आकाशाच्या माझ्या वाट्याच्या चौकोनात एक विमान अकरा-बारा मिनिटं असतं. वैमानिक नमस्कार म्हणतो, मी उंची सांगते, तो ती परत म्हणतो, आणि जाताना पुन्हा नमस्कार. मला कधी कधी वाटतं की त्या ठिपक्यात कुणीतरी खिडकीला डोकं टेकून झोपलंय, त्याच्या मांडीवर पुस्तक उघडं पडलंय, आणि त्याला स्वप्नातसुद्धा माहीत नाही की खाली एक बाई त्याला थर्मासातला चहा पीत पीत दुसऱ्या ठिपक्यापासून बाजूला ठेवतेय. दोघांमध्ये उंचीचे हजार फूट किंवा पाच मैल अंतर. बस, एवढंच माझं काम.

आणि ते मला तूच शिकवलंस, बरं का. मी सात वर्षांची होते. तू आईची लिपस्टिक घेऊन गाडीच्या पुढच्या काचेवर ठिपका काढलास. आई केवढी भडकली होती! चौकाकडे ट्रॅक्टर येत होता. तू म्हणालास, "बघ, ट्रॅक्टर ठिपक्यापासून सरकतोय का? सरकतोय म्हणजे तो आपल्याला चुकवून जाणार. पण जो काचेत जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्यावर येतोय. हलणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, तू न हलणाऱ्याला शोध." त्या दिवसापासून मी ठिपकी झाले.

दोन प्रश्न आहेत, सहज विचारते. फाटकाचा खांब कुठल्या बाजूचा? आणि चहाचा मग कुठल्या हाताशी होता? आणखी एक, जवळ दुसरं ग्लायडर आलं की ओरडून सांगणारा तो डबा मेळाव्याआधी बसवून घे.

तुझी,
ठिपकी

२९ मार्च

ठिपके,

परत म्हणतो: खांब डावा. चहाचा मग डावा. डबा नाही. पोलिसात आहेस का गं तू?

डबा बसवून काय करू? तो पीं पीं करायला लागला की माझी शांतता गेली. माझ्याकडे दोन डोळे आहेत, आणि ते तुझ्या जन्माआधीपासून आकाश बघतायत.

आता एक गंमत ऐक. गंमत कसली, माझं डोकं फिरलंय. आमच्या क्लबात एक दातांचा डॉक्टर आहे, पांढऱ्या ग्लायडरवाला. गेल्या शनिवारी मी आणि बेकरीवाली मजेत सरळ चाललो होतो. ऊन मऊ होतं, खाली ढगांच्या सावल्या शेतांवरून सावकाश चालत होत्या. डावीकडे बघितलं, सगळं मोकळं. आणि वळणार इतक्यात रेडिओवर हा किंचाळला, "वळू नका! वळू नका!" बघतो तर त्याचा पंख आमच्या पंखापासून दोन बस मावतील एवढ्यावर! बेकरीवालीनं डोळेच मिटून घेतले. कुठून उगवला देव जाणे. खाली उतरल्यावर मी त्याला चांगला झापला. म्हटलं, लोकांचे दात उपटता तसे आकाशात घुसू नका. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. अपराधी वाटत असणार त्याला.

हल्ली मी गोल फिरायचं तर उजवीकडेच फिरतो. मानेला बरं पडतं. मेळाव्याला तीसच्या तीस जणांना उजवीकडे फिरवणार. बेकरीवाली आता छान उडवते, फक्त माझ्यावर फार विश्वास ठेवते. म्हणते, "तुम्ही मागे असलात की मला बाजूला बघायची गरजच वाटत नाही."

मामा

२१ एप्रिल

मामा,

परत म्हणते: डबा नको, शांतता हवी. दातांचा डॉक्टर. दोन बस.

उत्तराला उशीर झाला, ड्युट्या फार होत्या.

परवाची गोष्ट सांगते. माझ्या चौकोनात दोन विमानं होती, एक पूर्वेकडून, एक दक्षिणेकडून, दोन्ही एकाच उंचीवर. अजून खूप लांब होती, पण मला दिसलं की दोघं एकाच जागी पोचणार. मी एकाला थोडंसं वळायला सांगितलं, पाच अंश. त्यानं परत म्हटलं आणि तो वळला. आठ मिनिटांनी दोघं एकमेकांना लांबून ओलांडून गेले. आतल्या कुणाच्या कपातला चहासुद्धा हलला नसेल. आधी सांगितलं की एवढंसं वळून भागतं, म्हणून आम्ही आधी सांगतो. उशिरा सांगितलं की माणसं खुर्चीतून उडतात.

म्हणून आधीच तीन गोष्टी सांगते. एक, आई विचारतेय की तिची हिरवी छत्रीही तुझ्याकडेच आहे का. दोन, बेकरीवालीला सांग की मागे कुणीही असलं तरी बाजूला बघायचं. तीन, मेळाव्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये.

तुझी,
ठिपकी

२८ एप्रिल

ठिपके,

परत म्हणतो: एक, हिरवी छत्री माझ्याकडेच आहे आणि मिळणार नाही. दोन, बेकरीवालीला सांगितलं, ती हो म्हणाली आणि एक गरम पाव दिला.

इथे दिवस कसले सुंदर चाललेत म्हणून सांगू! दुपारी तीनला खाणीवर ढगांची एक ओळच्या ओळ उभी राहते, कुणी वाळत घातल्यासारखी. काल मी एकटाच गेलो. दोन तास वर होतो. एक घार माझ्याबरोबर फिरत होती, पंख न हलवता. कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची, पुन्हा उजवीकडून यायची. मी जागा आहे का झोपेत हेच कळेनासं झालं. मेळाव्याची तयारी जोरात आहे. तू ये ना बघायला.

मामा

३० एप्रिल

मामा,

तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दोनच परत आल्या.

आमच्याकडे सूचना अर्धी परत आली आणि मी ऐकून गप्प बसले, तर चूक माझी धरतात, वैमानिकाची नाही. म्हणून आता गप्प बसत नाही. ड्युट्या फार होत्या हे खोटं होतं. तुझं दातांच्या डॉक्टरवालं पत्र आलं त्या दिवशीच मला कळलं होतं, आणि मी तीन आठवडे घाबरून बसले. मला त्याची लाज वाटते.

तुझी पत्रं मी जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली. नोव्हेंबरपर्यंतच्या पत्रांत डावीकडे एक बोट समास आहे. जानेवारीपासून प्रत्येक पत्रात चार बोटं. डावीकडची पट्टीच्या पट्टी कोरी, आणि तू एकदाही ती कोरी असल्याचं लिहिलेलं नाहीस. खांब डावा, चहाचा मग डावा, दातांचा डॉक्टर डावीकडून. घार नाहीशी होते आणि उजवीकडूनच परत येते. मामा, डावीकडे मोकळं नाहीये. डावीकडे तुला दिसत नाहीये. तो बिचारा तुझ्याकडे अपराधी म्हणून बघत नव्हता, त्यानं तुम्हा दोघांचा जीव वाचवला आणि वर तुझ्या शिव्या खाल्ल्या.

वीस मेला तुझ्यामागे एकोणतीस जण असतील आणि पुढे एक बाई असेल जी बाजूला बघत नाही, कारण तू आहेस. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला हसवशील आणि विषय बदलशील. दहा तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी क्लबच्या प्रमुखांना कळवणार. मग तू माझ्याशी जन्मात बोलला नाहीस तरी चालेल. चालणार नाही, रडून रडून मरेन, पण कळवीन.

या वेळी एकच सूचना आहे. मामा, खाली उतर.

ठिपकी

७ मे

परत म्हणतो: खाली उतरतो.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. म्हटलं, कारटीला मी लिपस्टिकनं शिकवलं आणि ती आता माझे समास मोजते! पत्र चुरगाळून टेबलावर टाकलं. मग सारखं केलं. मग डावा हात कागदाच्या डाव्या कडेला ठेवला आणि डोकं न वळवता बघितलं. हात दिसेना. स्वतःचा हात, ठिपके!

गेलो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. आत बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत होतो, वाटलं पैकीच्या पैकी मिळणार. कागद बाहेर आला तर दोन्ही डोळ्यांची डावी बाजू काळीकुट्ट. डिसेंबरात एकदा डोकं दुखून दिवसभर पडून होतो, तेव्हा मेंदूत बारीक गुठळी झाली असणार म्हणाल्या. डोळे ठणठणीत आहेत, आतलं बघणारं गेलंय. परत यायचं नाही. गोळ्या दिल्यात, त्या घेतोय.

मी विचारलं, "मग मला तिथे काळं का नाही दिसलं?" त्या म्हणाल्या, मेंदू रिकामी जागा तशीच सोडत नाही, आजूबाजूला जो रंग असेल तो भरून टाकतो. म्हणजे मी डावीकडे बघत होतो आणि माझंच डोकं मला आकाश तयार करून देत होतं. स्वच्छ, निळं, मोकळं. इतकं सुंदर की शंका येऊ नये. आणि त्याच्या मागे दातांचा डॉक्टर होता.

आता खरं सांगतो. तिसरी गोष्ट चुकून गळली नव्हती. फाटकाच्या वेळेपासून मनात पाल चुकचुकत होती. वाटलं, परवान्यासाठीची वर्षाची तपासणी ऑक्टोबरात आहे, तेवढा एक उन्हाळा मिळू दे. एकच उन्हाळा. आणि त्यासाठी मी त्या बाईला पुढे बसवत होतो, जी मला गरम पाव आणून देते.

क्लबात जाऊन सांगितलं. परवान्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं. दातांच्या डॉक्टरची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "मलाच तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्हाला कसं विचारणार?" घरी येऊन रडलो. लपवत नाही. चाळीस वर्षं वर जात होतो गं, आता काय करू?

मामा

११ मे

मामा,

बरोबर ऐकलं.

वैमानिकानं सूचना नीट परत म्हटली की हे दोन शब्द म्हणायचे; मी ते दिवसातून चारशे वेळा म्हणते. आज पहिल्यांदा लिहिले.

काय करू विचारतोस. आमच्याकडे ड्युटी संपली म्हणून कुणी हेडफोन काढून लगेच चालू पडत नाही. नवा माणूस खुर्चीत बसतो, जुना त्याच्या मागे उभा राहतो. कोणता ठिपका कुठे निघालाय, कुणावर नजर ठेवायची, हळू आवाजात सांगत राहतो, आणि सगळं चित्र नव्याच्या डोक्यात पोचलं की मगच जातो. कधी कधी त्यानंतरही उभा राहतो, उगाच, चहा पीत. कुणी त्याला हाकलत नाही. तू उभा राहा ना मागे. तुझ्या डोक्यात चाळीस वर्षांचं चित्र आहे.

आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही. होते, चार दिवस. आता नाही.

ठिपकी

२२ मे

ठिपके,

परत म्हणतो: मागे उभं राहायचं, हळू बोलायचं, चहा प्यायचा.

या कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ दिसतेय ना? ती बेकरीवालीनं आखली. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली होती, ओळ सुरू करताना लाल रेघ सापडेपर्यंत मान वळवायची. बेकरीवालीनं पूर्ण वहीच आखून दिली, शंभर पानं. माझ्यावर रुसली नाही. एवढंच म्हणाली, "आता मी दोन्हीकडे बघते, सर." मोज समास. एक बोट आहे.

मेळावा झाला. पहिलं ग्लायडर दातांच्या डॉक्टरनं नेलं, क्लबाचं दोन सीटचं. आणि म्हणाला, मागची सीट रिकामी आहे. मी नको नको म्हणत चटकन चढून बसलो. बेकरीवालीनं आमचा पंख धरून सरळ ठेवला आणि धावत सोडला. वर गेलो, दोर सुटला. तीच शांतता. खाणीवरची हवा कुठे चढतेय ते मी हळूच सांगितलं, "अजून थोडं पुढे, आता." शिरलो. त्यानं विचारलं, "कुठल्या बाजूला फिरू?" मी म्हटलं, "डावीकडे."

मग एकेक येत गेले आणि सगळे डावीकडे फिरायला लागले. आमच्या खाली, आमच्या वर, पांढरे पंखच पंख, सगळे सावकाश, कुणाचा कुणाला आवाज नाही. ऊन पंखांवरून एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. मी मान पार खांद्यापर्यंत डावीकडे वळवली, लाल रेघ शोधतात तशी. आणि काचेत एक पांढरा ठिपका सापडला. बघत राहिलो. तो सरकेना. मी ओरडणार होतो. मग नीट बघितलं. तो मोठाही होत नव्हता. आमच्याच गोलाच्या पलीकडच्या कडेला होता, आम्ही फिरू तसा फिरत होता.

हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं बघ. सरकत नाही आणि मोठाही होत नाही, तो आपल्याबरोबर फिरतोय. तुला दोनच प्रकार शिकवले, हा तिसरा. त्याला चुकवायचं नसतं, फक्त मान वळवून बघत राहायचं.

उतरल्यावर मी बाकावर बसून राहिलो. पुन्हा वर जाईन का माहीत नाही. दुःख होतंय, खूप होतंय. पण पोटातलं ते गोड कालवणं गेलं नाही अजून.

आता माझ्या सूचना. एक, शनिवारी ये. दोन, थर्मास घेऊन ये, इथला चहा गार होतो. तीन, बाकावर माझ्या डाव्या बाजूला बस. तिथे कुणी आहे हे माहीत असलं की मला बरं वाटतं.

मामा

२६ मे

मामा,

परत म्हणते: एक, शनिवारी येते. दोन, थर्मास आणते. तीन, तुझ्या डाव्या बाजूला बसते.

तिन्ही आहेत. मोजून घे.

तुझी,
ठिपकी